कोण हरवलं, कुठे हरवलं: नव्या रहस्य आणि सर्व्हायव्हल कादंबऱ्या वाचायला लागणाऱ्यांसाठी

ठाण्याचा किंवा नवी मुंबईचा मराठी वाचक रहस्यकथेला परका नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळापहाड हे नायक घराघरांत पोचवले. पुढे गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांची पुस्तकं लायब्ररीच्या कपाटात टिकत नसत, हातोहात जात. एवढी सवय असूनही हल्ली इंग्रजीत गाजणाऱ्या रहस्यकादंबऱ्या हातात घेतल्या की पुष्कळजण चाळीस-पन्नास पानांत अडतात. तक्रार बहुतेकांची एकच असते: ‘काही घडतच नाही, नुसतं जंगलाचं वर्णन!’ माणूस हरवलाय, पोलीस आलेत, आणि लेखिका मात्र पाऊस, चिखल, झाडं, थंडी यांवर पानंच्या पानं लिहिते आहे.

हा लेख अशा अडलेल्या वाचकांसाठी आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या नव्या कादंबऱ्यांत जागा हीच पहिली साक्षीदार असते. ते जंगल, ते बेट, तो डोंगर नीट समजून घेतला, तर कोणी काय केलं याचा माग लागतो आणि अडकलेला माणूस जगेल का याचा अंदाजही बांधता येतो. ज्या वर्णनावरून आपली नजर भराभर पुढे जाते, नेमका त्यातच पुरावा ठेवलेला असतो. खालच्या पायऱ्या कुठूनही सुरू झाल्या तरी शेवटी याच मुद्द्यावर येतात.

दोन प्रकार, आणि ते एकत्र का आले

रहस्यकथा मागे वळून बघते: काय घडलं, कोणी केलं, का केलं. सर्व्हायव्हलची कथा, म्हणजे संकटात तगून राहण्याची गोष्ट, पुढे बघते: आता पाणी कुठून आणायचं, रात्र कशी काढायची. दोन्ही एकत्र बांधण्याची कल्पना नवी नाही. अगाथा ख्रिस्तीच्या १९३९ सालच्या ‘अँड देन देअर वेअर नन’ या कादंबरीत दहा माणसं एका बेटावर अडकतात, समुद्र खवळलेला, किनाऱ्याशी संबंध तुटलेला, आणि एकेक जण मरत जातो. तिथे खुनी शोधणं आणि स्वतःचा जीव वाचवणं ही दोन कामं वेगळी राहतच नाहीत.

गेल्या दहाएक वर्षांत हा धागा पुन्हा जोमाने वर आला. जेन हार्पर या लेखिकेची ‘द ड्राय’ २०१६ मध्ये आणि ‘फोर्स ऑफ नेचर’ २०१७ मध्ये आली. लिझ मूर यांची ‘द गॉड ऑफ द वूड्स’ २०२४ ची. शार्लट मॅकोनही यांची ‘वाइल्ड डार्क शोअर’ आणि अ‍ॅमिटी गेज यांची ‘हार्टवूड’ या दोन्ही २०२५ च्या. पाचही पुस्तकांत कोणीतरी मेलेलं किंवा हरवलेलं आहे आणि पाचही ठिकाणी निसर्ग नुसता पडदा म्हणून मागे टांगलेला नाही. यातलं रहस्य मी कुठेही फोडणार नाही, निर्धास्त वाचा.

पहिली पायरी: मराठीतून हात बसवा

थेट इंग्रजी कादंबरीवर उडी मारू नका. आधी दोन मराठी पुस्तकं वाचा, तीही या क्रमाने.

पहिलं, सत्यजित राय यांच्या फेलूदा या बंगाली गुप्तहेराच्या कथा. अशोक जैन यांनी त्या मराठीत आणल्या आहेत, रोहन प्रकाशनाने काढल्या आहेत. कथा आटोपशीर, भाषा सरळ. पण फेलूदा एखाद्या खोलीत शिरतो तेव्हा राय काय काय सांगतात याकडे लक्ष द्या. टेबलावर काय होतं, खिडकी कुठल्या बाजूला होती, माणसाच्या बुटाला काय लागलं होतं. कथा संपली की मागे जाऊन तो परिच्छेद पुन्हा वाचा. यातल्या किती गोष्टी शेवटी कामाला आल्या ते मोजा. हा सराव पुढे फार उपयोगी पडतो.

दुसरं पुस्तक कादंबरी नाही, सत्यकथा आहे: रवींद्र गुर्जर यांनी मराठीत आणलेलं ‘सत्तर दिवस’. १३ ऑक्टोबर १९७२ रोजी उरुग्वेच्या रग्बी खेळाडूंना घेऊन जाणारं विमान अँडीज पर्वतात कोसळलं. विमानात ४५ माणसं होती. ७२ दिवसांनी सुटका पूर्ण झाली तेव्हा १६ जिवंत होती. आपला शोध थांबवल्याची बातमी त्यांनी बर्फात बसून रेडिओवर ऐकली. हे आधी वाचायला सांगते, कारण सर्व्हायव्हल कादंबरी खरी वाटते की खोटी हे ठरवायला हाताशी एक माप हवं. उपासमारीत माणूस कसा बोलतो, कशावरून भांडतो, थंडीत निर्णय किती हळू होतात, हे एकदा खऱ्या माणसांकडून कळलं की कादंबरीतला भंपकपणा लगेच खटकतो.

दुसरी पायरी: पहिली इंग्रजी कादंबरी कुठली

माझं उत्तर ठाम आहे: ‘फोर्स ऑफ नेचर’. एका कंपनीतल्या पाच बायका ऑफिसच्या टीम-बिल्डिंगसाठी ऑस्ट्रेलियाच्या डोंगराळ जंगलात पाठवल्या जातात. ठरलेल्या वेळी चारच बाहेर येतात. आलटून पालटून दोन धागे चालतात: एका धाग्यात आत्ताचा शोध, दुसऱ्यात त्या पाच जणींचे जंगलातले दिवस, ओळीने. उड्या आहेत, पण सरळ आहेत. माणसं मोजकी, भाषा स्वच्छ, प्रकरणं आखूड. शिवाय ऐरोलीच्या किंवा महापेच्या ऑफिसात काम करणाऱ्या कोणालाही त्या पाच जणींमधले हेवेदावे समजावून सांगायची गरज पडणार नाही. साहेबाची नातेवाईक कोण, बढती कोणाची अडली, कोण कोणाला फोन दाखवत नाही, सगळं ओळखीचं.

तिचाच नायक, आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणारा पोलीस एरन फॉक, ‘द ड्राय’मध्ये आधी भेटतो. तो क्रम पाळायलाच हवा असं नाही. जंगलापेक्षा दुष्काळ जवळचा वाटत असेल, मराठवाड्यात किंवा माणदेशात आजोळ असेल, तर ‘द ड्राय’पासून सुरुवात केलीत तरी चालेल. पाऊस न पडल्याने गावातली माणसं एकमेकांशी कशी वागायला लागतात ते त्यात फार नेमकं आलंय.

रक्तपात नको असेल तर रिचर्ड ऑस्मन यांची २०२० ची ‘द थर्सडे मर्डर क्लब’ घ्या. इंग्लंडमधल्या निवृत्तांच्या वसाहतीतली चार वयस्कर माणसं जुन्या खुनांचा माग काढतात. प्रसन्न पुस्तक आहे, पण आपल्या विषयापासून थोडं बाजूला.

तिसरी पायरी: नकाशा काढा

ही पायरी लोक गाळतात आणि म्हणून पुस्तक सोडतात. पहिल्या तीस पानांत जेवढी ठिकाणं येतील तेवढी एका कागदावर मांडा. चित्रकला यायची गरज नाही. छावणी इथे, तळं इथे, रस्ता या बाजूला, शेवटचं माणूस दिसलं ते ठिकाण फुलीने. पुस्तकात छापील नकाशा असला तरी स्वतःचा काढा. हाताने काढलेली जागा डोक्यात बसते.

मग त्या जागेचं माप आपल्या ओळखीच्या जागेशी लावा. हे मी आवर्जून सांगते, कारण परदेशी कादंबरीतली अंतरं आपल्याला कळतच नाहीत. ‘द गॉड ऑफ द वूड्स’ घडते न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅक भागात. तिथलं संरक्षित क्षेत्र सुमारे २४ हजार चौरस किलोमीटर आहे. पालघर वेगळा झाल्यावर उरलेला आपला ठाणे जिल्हा सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर. म्हणजे अख्खा ठाणे जिल्हा पाच वेळा त्यात मावेल आणि वर जागा उरेल. येऊरपासून बोरिवलीपर्यंतचं आपलं राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातही माणसं वाट चुकतात. आता तेरा वर्षांची मुलगी त्या भागात रात्री बिछान्यावरून नाहीशी झाली, या वाक्याचं वजन कळतं.

‘वाइल्ड डार्क शोअर’मधलं शिअरवॉटर बेट काल्पनिक आहे, पण ते बेतलंय टास्मानिया आणि अंटार्क्टिका यांच्या मधल्या खऱ्या मक्वारी बेटावर. मक्वारीची लांबी सुमारे ३४ किलोमीटर, रुंदी जेमतेम पाच. १८५३ मध्ये बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्याला पोचली ते अंतरही ३४ किलोमीटरच. तेवढ्या पट्टीवर फक्त एक कुटुंब, बाप आणि तीन मुलं. संशोधक निघून गेलेत, वादळात एक अनोळखी बाई किनाऱ्याला लागते आणि बाहेर बोलायची यंत्रणा मोडलेली आहे. सीएसएमटीपासून ठाण्यापर्यंत एका घराखेरीज काहीच नाही अशी कल्पना करून मग ते पहिलं प्रकरण वाचा.

‘हार्टवूड’मधली अपालाचियन ट्रेल ही पायवाट अमेरिकेच्या चौदा राज्यांतून जाते आणि सुमारे ३,५०० किलोमीटर लांब आहे. ठाण्याहून रेल्वेने दिल्लीला जाऊन परत यावं त्याहून जास्त. लोक ती महिनोन्‌महिने चालत पार करतात आणि वाटेत एकमेकांना टोपणनावाने हाक मारतात. हा रिवाज माहीत नसेल तर कोण कोणाविषयी बोलतंय याचा घोळ होतो, म्हणून आधीच सांगितलं.

नकाशाबरोबर हवामानही लिहा. ऑस्ट्रेलियात डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा आणि जुलै म्हणजे हिवाळा. आपल्या सवयीने वाचलंत तर पात्रांचे कपडेसुद्धा चुकीचे डोळ्यांसमोर येतील. अमेरिकी पुस्तकांत तापमान फॅरनहाइटमध्ये असतं: ३२ म्हणजे आपलं शून्य, ५० म्हणजे १०. मैलाला १.६ ने गुणा. एवढं पुरतं. आणि पाण्याची वाट कुठे जाते ते बघा. खारघरच्या डोंगरात पावसाळ्यात ओढ्याला अचानक पाणी चढून माणसं पलीकडे अडकल्याच्या बातम्या आपण वाचतो. ओढा सकाळी ओलांडता येतो आणि दुपारी येत नाही, ही साधी गोष्ट कादंबरीत एखाद्याचा खोटेपणा उघडा पाडू शकते.

चौथी पायरी: वहीत तीन रकाने

वही साधी, शाळेची. प्रत्येक महत्त्वाच्या पात्रापुढे तीन गोष्टी लिहा. पहिली, हा माणूस कोणाचा कोण. दुसरी, त्याने हरवलेल्या माणसाला शेवटचं कधी आणि कुठे पाहिलं, आणि हे आपल्याला कोणी सांगितलं. तिसरी, त्याच्याजवळ त्या वेळी काय होतं: अंगात काय, पायात काय, पिशवीत काय.

दुसऱ्या रकान्यातलं ‘कोणी सांगितलं’ हे सर्वांत मोलाचं. रहस्यकथेच्या सुवर्णकाळात नियम कडक होते. रोनाल्ड नॉक्स या इंग्लिश रहस्यकथाकाराने १९२९ मध्ये दहा नियम घालून दिले, त्यातला पहिलाच असा की गुन्हेगार कथेत लवकर आलेला असला पाहिजे. डिटेक्टिव्हला सापडलेला दुवा वाचकालाही दाखवला पाहिजे, हाही एक नियम. नव्या लेखकांनी हे सगळं सोडलेलं नाही, पण कथा ते अनेकांच्या तोंडून सांगतात, आणि सांगणारा माणूस काही गोष्टी गाळतो, काहींवर रंग चढवतो. त्यामुळे ‘ती तळ्याकडे गेली’ हे वाक्य लेखिकेचं आहे की एखाद्या पात्राची समजूत, हे वेगळं लिहून ठेवा. निम्म्या पुस्तकानंतर वही चाळलीत की दिसतं, ज्याला आपण सत्य धरून चाललो ते एकट्या माणसाच्या सांगण्यावर उभं आहे.

दुवे कुठे लपवतात याच्या दोन-तीन ठरलेल्या जागा आहेत. एक, वस्तूंच्या यादीच्या मधोमध. पाच वस्तू मोजल्या तर पहिली आणि शेवटची आपल्या लक्षात राहते, म्हणून कामाची वस्तू तिसरी असते. दुसरी जागा भांडणाच्या अगदी आधी. वाचकाचं मन भांडणात गुंतलं की आधीच्या ओळीतला उघडा राहिलेला दरवाजा विसरला जातो. तिसरी म्हणजे निसर्गवर्णन. वारा कुठून येत होता, चंद्र होता की नव्हता, गवत दबलेलं होतं का. चंद्र नसलेल्या रात्री कोणी लांबून चेहरा पाहिल्याचं सांगत असेल तर थांबा.

पाचवी पायरी: काळाच्या उड्या

‘द गॉड ऑफ द वूड्स’ १९५० च्या दशकापासून १९७५ पर्यंत पुढे-मागे फिरते. १९७५ च्या ऑगस्टमध्ये उन्हाळी शिबिरातून एक मुलगी नाहीशी होते. तिचा भाऊ १९६१ मध्ये तिथेच नाहीसा झालेला असतो. प्रकरणाच्या डोक्यावर काळ दिलेला आहे. तो न वाचता थेट पहिल्या ओळीवर जायची आपल्याला सवय असते. ती मोडा. नव्या प्रकरणाला लागलात की आधी काळ, मग कोणाच्या नजरेतून चाललंय ते, आणि मगच मजकूर.

गोंधळ झालाच तर मागे जाऊन सगळं पुन्हा वाचू नका. वहीच्या शेवटच्या पानावर एक उभी रेघ ओढा, वर जुनं साल, खाली नवं, आणि प्रत्येक प्रकरणाचा क्रमांक योग्य जागी टिपा. शंभरेक पानांत ती रेघ भरते आणि मग एक सुंदर गोष्ट दिसते: लेखिका कुठल्या सालाला पुन्हापुन्हा बाजूला ठेवते आहे. रिकामी राहिलेली जागा म्हणजेच उत्तराची जागा, असं बऱ्याचदा निघतं.

या कादंबरीतली तरुण तपास अधिकारी ज्युडिटा लप्टॅक हे माझं फार आवडतं पात्र. आजूबाजूचे पुरुष तिला धड मोजतही नाहीत, म्हणून ती ऐकत राहते. नव्या वाचकाने तिच्यासारखं वाचावं.

सहावी पायरी: जीव वाचवण्याचा क्रम तपासा

आता सर्व्हायव्हलचा भाग. गिर्यारोहकांमध्ये तीनचा एक ढोबळ नियम सांगतात: हवेशिवाय तीन मिनिटं, कडक हवामानात आडोशाशिवाय तीन तास, पाण्याशिवाय तीन दिवस, अन्नाशिवाय तीन आठवडे. आकडे काटेकोर नाहीत, क्रम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. जंगलात हरवलेलं पात्र पहिल्याच संध्याकाळी खायला शोधत हिंडत असेल आणि अंग ओलं असेल, तर एकतर लेखकाला विषय कळलेला नाही, किंवा पात्र घाबरून चुकतंय आणि लेखकाला तेच दाखवायचंय. या दोन्हींतलं कुठलं खरं, हे ओळखण्यात वाचनाची मजा आहे.

थंडीने मरायला बर्फ लागत नाही. दहा अंश तापमान, पाऊस आणि वारा एकत्र आले तरी शरीराची ऊब झपाट्याने जाते. पावसाळ्यात माहुलीला किंवा कलावंतीण दुर्गावर जाऊन भिजलेल्या सुती कपड्यांत वाऱ्याला उभं राहिलेल्याला हे सांगावं लागत नाही. म्हणूनच वहीच्या तिसऱ्या रकान्यात कपडे लिहायला सांगितले. फार थंडी बाधली की माणसाचं बोलणं अडखळतं, निर्णय बिघडतात, आणि शेवटी शेवटी गरम होतंय असं वाटून तो अंगातले कपडे काढूही शकतो. हे वैद्यकशास्त्राला माहीत असलेलं लक्षण आहे. कपडे इतस्ततः पडलेले सापडले म्हणजे झटापट झाली, असं कादंबरीतला कोणी छातीठोकपणे म्हणाला तर लगेच मान डोलावू नका.

‘द गॉड ऑफ द वूड्स’च्या शिबिरात मुलांना एक नियम शिकवतात: हरवलात तर खाली बसा आणि ओरडा. पहिल्यांदा वाचताना हा बाळबोध वाटतो. पण शोध पथकाचं गणित बघा. शेवटच्या दिसलेल्या जागेपासून माणूस दोन किलोमीटरच्या आत असेल तर शोधायचं क्षेत्र होतं सुमारे साडेबारा चौरस किलोमीटर. चार किलोमीटर गेला असेल तर पन्नास. अंतर दुप्पट, क्षेत्र चौपट. चालत राहणारा माणूस प्रत्येक तासाला स्वतःला शोधणं अवघड करत असतो. तरी पात्रं चालत राहतात, कारण भीती पायांत उतरते. आपल्याकडे तर आणखी एक धोका आहे. ‘ओढ्याच्या कडेने खाली गेलं की गाव लागतं’ असं आपण समजतो, आणि सह्याद्रीत तोच ओढा सरळ कड्यावर नेऊन सोडतो. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी आपल्याकडची बचाव पथकं ज्या कड्याकपारींत उतरतात, त्या डोळ्यांसमोर आणून ‘हार्टवूड’ वाचा.

‘हार्टवूड’मध्ये हरवलेली नर्स, तिला शोधणारी अधिकारी आणि लांब वृद्धांच्या वसाहतीत बसून बातम्यांवर नजर ठेवणारी एक बाई, असे तीन आवाज आहेत. शोधणारी अधिकारी गेम वॉर्डन आहे. आपल्या मनात हा शब्द शिकार आणि प्राण्यांशी जोडलेला असतो, पण अमेरिकेतल्या मेन राज्यात जंगलात हरवलेल्या माणसांचा शोधही वॉर्डनच घेतात. शेरीफ, राज्य पोलीस, रेंजर, वॉर्डन, या प्रत्येकाची हद्द वेगळी आणि त्यांची आपसांत कुरबुर चालते. आपल्याकडे शहर पोलीस, वनखातं आणि अग्निशमन दल यांच्यात हद्दीचा प्रश्न निघतो तसंच समजा.

विज्ञानाची आवड असेल तर याच पायरीवर अँडी वीअर यांची ‘द मार्शियन’ घ्या. तिच्यात खून नाही, खलनायक नाही. मंगळावर एकटा राहिलेला माणूस बटाटे पिकवतो, यानाच्या उरलेल्या हायड्रॅझिन इंधनापासून पाणी तयार करतो आणि प्रत्येक पायरीचा हिशेब आपल्याला देतो. मंगळाचं वातावरण पृथ्वीच्या एक टक्क्याच्या आसपास विरळ असल्याने सुरुवातीचं वादळ तिथे इतकं जोरदार होऊच शकत नाही, आणि हे लेखकानेही मान्य केलंय. त्या एका सवलतीनंतर मात्र तो हिशेब सोडत नाही. सर्व्हायव्हल कादंबरीकडून मी हीच अपेक्षा ठेवते. योगायोगाने संकटात टाकलंत तर चालेल, योगायोगाने बाहेर काढू नका.

इंग्रजीचं भय

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना हे भय असतं, आणि ते काढायला रहस्यकथेइतकं चांगलं साधन नाही, कारण पुढे काय झालं ही ओढ शब्दांवरून पुढे नेते. प्रत्येक शब्द शब्दकोशात बघू नका. एखादा शब्द तिसऱ्यांदा आला तरच बघा. अपवाद जमिनीच्या शब्दांचा: रिज म्हणजे डोंगराची धार, क्रीक म्हणजे अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात ओढा, ठाण्याच्या खाडीसारखी खाडी नव्हे. असे दहा-बारा शब्द पहिल्याच दिवशी पक्के करा, नाहीतर काढलेला नकाशा चुकेल.

ऐकून वाचणं सोपं जात असेल तर ऑडिओबुक आणि छापील पुस्तक एकत्र चालवा. नुसतं ऐकून मात्र काळाच्या उड्या हातात राहत नाहीत.

पुस्तक कुठून मिळवावं

ठाण्यात असाल तर मराठी ग्रंथ संग्रहालयाचं सभासदत्व घ्या. संस्था १८९३ पासून चालू आहे. फेलूदा, ‘सत्तर दिवस’, जुन्या रहस्यकथा यांची सोय अशा जुन्या ग्रंथालयातच नीट होते. नवी मुंबईकरांनी आपल्या नोडमधलं महापालिकेचं वाचनालय आधी बघावं. नव्या इंग्रजी कादंबऱ्या विकत घेताना घाई करू नका. जाड बांधणीची आवृत्ती महाग असते, काही महिन्यांनी पेपरबॅक येते. किंडलवर पहिली काही प्रकरणं फुकट वाचता येतात. तेवढ्यावर नकाशा काढून बघा. निघाला तर पुस्तक घ्या.

चौघांनी मिळून एक प्रत घेणंही उत्तम, फक्त कोणी पानांवर पेन्सिलने ‘हाच तो!’ लिहायचं नाही.

वाचायची वेळ

ठाणे ते वाशी ट्रान्स-हार्बर गाडीला अर्धा तास लागतो. बसायला जागा मिळाली तर एक प्रकरण होतं. हार्परची प्रकरणं या प्रवासाला बेतशीर आहेत. मॅकोनही मात्र गाडीत वाचू नका. तिचं गद्य संथ आहे, दुःखाने भरलेलं आहे, आणि कोपरखैरणेला गर्दी चढली की त्याचा धागा तुटतो. ती रात्री, घर शांत झाल्यावर, शक्यतो पावसात.

एक दिवसही खंड नको. रोज पंधरा पानं झाली तरी चालतील. आठवडाभर पुस्तक बंद राहिलं की नावं पुसली जातात आणि वहीसुद्धा परकी वाटते.

मध्यावर थांबा

निम्मं पुस्तक झालं की बंद करा आणि वहीत लिहा: मला कोणाचा संशय आहे, कशावरून, आणि माझं म्हणणं खरं ठरायचं तर अजून कुठली गोष्ट सापडायला हवी. तिसरा प्रश्न टाळू नका. नुसता संशय कोणालाही घेता येतो. पुढचं अर्धं पुस्तक तुम्ही ती गोष्ट शोधत वाचता आणि वाचनाला धार येते. शेवटचं पान आधी बघायचा मोह होईल. पुस्तकाच्या शेवटच्या पंचवीस पानांना रबरबँड लावून ठेवणारे वाचक मला माहीत आहेत, आणि मी त्यांना पूर्ण पाठिंबा देते.

पुस्तक संपल्यावर लगेच पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. पंधरा मिनिटांचं काम आहे. लेखिकेने पहिल्याच पानावर काय काय समोर ठेवलं होतं ते तेव्हा दिसतं, आणि पुढच्या पुस्तकासाठी नजर तयार होते.

कधी सोडून द्यावं

नकाशा काढूनही ऐंशी पानांपर्यंत त्या जागेत शिरता येत नसेल तर पुस्तक बाजूला ठेवा. त्यात कमीपणा नाही. एक वेगळं कारणही असू शकतं. या कादंबऱ्यांत लहान मुलांचं हरवणं, आईवडिलांची बेपर्वाई, आप्तांचा मृत्यू हे विषय येतात. ‘वाइल्ड डार्क शोअर’मध्ये शोक फार खोलवर आहे. घरात नुकतंच कोणी गेलं असेल, तर ते पुस्तक सहा महिने थांबू द्या. ऑस्मन तोवर आहेच.

चार जणांत बोलताना

सोसायटीत किंवा ऑफिसात दोघे-तिघे वाचणारे मिळाले की रहस्यकथेचा आनंद वाढतो. तलावपाळीवर बसून बोला, नेरुळला कोणाच्या घरी बोला, पण आधी एक ठरवा: सगळ्यांनी कुठल्या प्रकरणापर्यंत वाचायचं. चर्चा त्या रेषेच्या अलीकडेच. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पात्राचं नाव घेऊन ‘बिचारी!’ एवढं लिहिलं तरी रहस्य फुटतं. म्हणून तिथे फक्त प्रकरणाचा क्रमांक लिहा, बाकीचं भेटीत.

भेटीत पहिला अर्धा तास ‘कोणी केलं’ हा प्रश्न काढूच नका. प्रत्येकाने आपला नकाशा समोर ठेवायचा. चौघांचे चार नकाशे जुळत नाहीत. कोणी बोटीचं घर तळ्याच्या उत्तरेला काढलेलं असतं, कोणी दक्षिणेला. मग पुस्तक उघडून कोणाचं बरोबर ते शोधायचं. तळं, पायवाट आणि शेवटची फुली यांवर चौघांचं एकमत झालं, की संशयितांची नावं काढायला हरकत नाही.